परसातली लांब पल्ल्याची स्टेज: ५० मीटरमध्ये १०० मीटरचा कस

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका पालकांची मुरबाडच्या पुढे वडिलोपार्जित एकरभर जागा आहे. मुलगा आणि मुलगी दोघंही १० मीटर एअर रायफल खेळतात. अमेरिकेत लोक घरामागच्या मोकळ्या जागेत .२२ रायफलसाठी लांब पल्ल्याची स्टेज, म्हणजे ठरलेल्या क्रमाने मारायच्या लक्ष्यांची मांडणी, आखतात, शंभर-दीडशे मीटरवर पोलादी चकत्या टांगतात. तसं काही आपल्या जागेवर करता येईल का, आणि करायचं तर आखणी कशी करावी?

स्टेज करता येईल, पण .२२ घेऊन नाही. मी ठाण्यात मुलांना रायफल शिकवते आणि हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी पालक विचारतातच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी .२२ बाजूला का ठेवायची ते. ही गोळी दिसते लहान, आवाजही फारसा नाही, त्यामुळे ती निरुपद्रवी वाटते. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते. नळी थोडी वर असताना सुटली, तर ती दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. तुमच्या जागेपासून दोन किलोमीटरचं वर्तुळ नकाशावर काढून पाहा. त्यात किती पाडे, किती भातखाचरं, किती गुरांच्या वाटा येतात ते मोजा. अमेरिकेत ज्यांच्या परसात हे चालतं, त्यांच्यातल्या अनेकांच्या मागे स्वतःचीच टेकडी किंवा शेकडो एकर मोकळं रान असतं. आपल्याकडे तसं नसतं.

कायदाही स्पष्ट आहे. .२२ ला शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतोच, आणि रायफलचा परवाना हातात असला म्हणून स्वतःच्या शेतात रेंज सुरू करता येत नाही. रेंज चालवायला शस्त्र नियम, २०१६ खाली वेगळी परवानगी लागते. ठाणे शहरात परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहेत. मुरबाड-शहापूरकडे ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. मुलांना .२२ कडे वळवायचं असेल तर जिल्हा रायफल संघटनेचं सदस्यत्व घ्या आणि मान्यताप्राप्त रेंजवरच सराव करा. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीला ५० मीटरची रेंज आहे. त्याला पर्याय शोधू नका.

मग जागेवर काय वापरायचं? .१७७, म्हणजे ४.५ मिलिमीटरची एअर रायफल, जिची ऊर्जा २० जूलच्या आत आहे. तिला परवान्यातून सूट आहे. ‘आत आहे’ हे दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका, क्रोनोग्राफवर वेग मोजा. ८.४४ ग्रेनचा छर्रा म्हणजे ०.५४७ ग्रॅम. तो सेकंदाला २४० मीटरने निघाला तर ऊर्जा पावणेसोळा जूलच्या आसपास येते. २७० मीटरला ती जवळजवळ २० ला टेकते. मी २४० च्याच आसपास राहायला सांगते. फील्ड टार्गेट या एअर रायफलच्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही साधारण १६ जूलच्या मर्यादेत होतात, आणि त्यात लक्ष्यं ५० मीटरपर्यंत असतात. रायफलचं बिल जपून ठेवा आणि ती गाडीतून नेताना बॅगेत, रिकामी न्या.

इथे बहुतेक पालकांचा चेहरा पडतो. पन्नास मीटर आणि छर्रा, म्हणजे मुलांचा खेळ, असं त्यांना वाटतं. खरं तर या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. लांब पल्ला मीटरमध्ये मोजायचा नसतो. गोळी किती खाली येते, वारा तिला किती ढकलतो आणि अंतराचा अंदाज चुकला तर किती महागात पडतं, यावर तो मोजायचा असतो.

आकडे पाहा. हे ढोबळ हिशेब आहेत, तुमच्या रायफलवर थोडे इकडेतिकडे होतील. .२२ रायफल ५० मीटरला झिरो केली, म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर लागेल असा स्कोप लावला, तर १०० मीटरवर गोळी वीतभर खाली लागते. आमच्या मापात सांगायचं तर सव्वादोन-अडीच मिल. १ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटीमीटर, ५० मीटरवर ५. आता २४० च्या वेगाचा छर्रा २५ मीटरला झिरो करा. १७ मीटरवर तो जवळजवळ तिथेच लागतो. ३३ ला सेंटीमीटरभर खाली, ४१ ला चारेक सेंटीमीटर आणि ५० ला नऊच्या आसपास. म्हणजे पावणेदोन-दोन मिल. शेवटच्या नऊ मीटरमध्ये छर्रा नेमाच्या रेघेखाली जितका जातो तितका आधीच्या सगळ्या प्रवासात जात नाही. पन्नासचं लक्ष्य कुणी पंचेचाळीसचं समजलं तर तीनेक सेंटीमीटरची चूक होते, आणि भोक चार सेंटीमीटरचं असेल तर नेम कितीही पक्का असो, लक्ष्य चुकलंच.

वाऱ्याचं तर याहून कठीण. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे झाडाची पानं सळसळतील एवढाच, छर्ऱ्याला २५ मीटरवर दोनेक सेंटीमीटर सरकवतो, ५० मीटरवर सात-आठ. अंतर दुप्पट झालं की सरकणं चौपट होतं. तोच वारा .२२ च्या गोळीला १०० मीटरवर साधारण तितकंच, सात-साडेसात सेंटीमीटर सरकवतो. पण छर्ऱ्याचं अंतर निम्मं असल्याने मिलमध्ये ती चूक दुप्पट पडते. .२२ वर तशी चूक पाहायला २०० मीटरवर जावं लागेल. वारा वाचायला शिकण्यासाठी ५० मीटरवरचा छर्रा ही कामचलाऊ तडजोड नाही, तो अतिशय कडक शिक्षक आहे.

आता जागा. स्टेजचं तोंड उत्तरेला ठेवा. आपल्या अक्षांशावर वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेकडे असतो, त्यामुळे तो नेमबाजाच्या पाठीमागे राहतो, स्कोपमध्ये चमक येत नाही आणि लक्ष्यांवर उजेड पडतो. दुसरा फायदा वाऱ्याचा. ठाणे जिल्ह्यात सकाळी वारा मंद असतो आणि दुपारनंतर समुद्राकडून, पश्चिमेचा सुटतो. उत्तरेला तोंड केलं की तो थेट डावीकडून येतो आणि छर्ऱ्याला उजवीकडे नेतो. सकाळच्या सत्रात मुलं छर्ऱ्याची घसरण शिकतील, दुपारी वारा शिकतील. जमीन जरा उताराची असेल तर लक्ष्यांची बाजू चढाकडे घ्या, म्हणजे बांधाला आयती मदत होते. जागा तानसा अभयारण्यात किंवा त्याच्या अगदी लगत असेल तर हा विचार सोडून द्या. अभयारण्यात हत्यार नेण्यावरच बंदी आहे. आणि कुठेही असलात तरी पक्षी, खार, साप यांच्यावर नळी रोखायची नाही, ही अट पहिल्याच दिवशी मुलांकडून वदवून घ्या.

लक्ष्यं कुठे ठेवायची हे ठरवण्याआधी त्यांच्या मागे काय आहे हे ठरवायचं. पन्नास मीटरच्या लक्ष्यामागे दोन-तीन मीटरवर मातीचा बांध घाला. उंची तीन मीटर, रुंदी सगळ्यात बाहेरच्या लक्ष्याच्या पलीकडे दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर. मुरूम आतल्या भरावाला चालेल, पण नेमबाजाकडच्या बाजूला हातभर जाडीचा थर चाळलेल्या मातीचाच हवा. एक दगड वर राहिला तरी छर्रा त्यावरून कुठेही उडतो. छर्रा हवेत तीनेकशे मीटर जाऊ शकतो. म्हणून बांध पुरेसा नाही, त्याच्या वरून छर्रा जाणारच नाही अशी व्यवस्था हवी.

ती व्यवस्था म्हणजे खिडकी, आणि तिच्यात काटकसर करू नका. नेमबाजाच्या पुढे तीन मीटरवर एक चौकट उभी करायची. तिच्या वरच्या फळीची खालची कड अशी हवी की तिच्या खालून पाहिलं तर फक्त बांध दिसेल, आभाळ नाही. हिशेब करून पाहा. नेमबाज बसलेला आहे, नळी जमिनीपासून ८० सेंटीमीटरवर आहे, बांध ५३ मीटरवर तीन मीटर उंच आहे. नळीपासून बांधाच्या माथ्यापर्यंत सरळ रेघ ओढली तर चौकटीपाशी ती जमिनीपासून जेमतेम ९२ सेंटीमीटरवर येते. म्हणजे फळीची कड नळीच्या पातळीहून फक्त १२ सेंटीमीटर वर, आणि थोडी सूट राखायची म्हणून त्याहूनही खाली. माणसांना ही खिडकी विचित्रपणे ठेंगणी वाटते आणि ते ती ‘जरा वर’ घ्यायला सांगतात. घेऊ नका. कड बसवली की अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घ्या, नळी जिथे असेल तिथे धरा आणि खिडकीच्या प्रत्येक कोपऱ्यातून पाइपमधून पाहा. कुठल्याही कोनातून आभाळ, झाडाचा शेंडा किंवा शेजारच्या शेताचा बांध दिसला तर फळी खाली आणा किंवा बाजू अरुंद करा. बसून आणि गुडघ्यावर नळीची उंची वेगळी पडते, म्हणून दोन्ही स्थितींना वेगळी खिडकी. चौकटीला १८ मिलिमीटरचं प्लायवूड, त्यावर दोन मिलिमीटरचा पत्रा आणि नेमबाजाच्या बाजूने जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा असे तीन थर द्या. बेल्ट नसेल तर पत्र्यावरून छर्रा उलट येईल. मुरबाड एमआयडीसीच्या भंगारवाल्यांकडे असे तुकडे विचारून पाहा.

लक्ष्यांसाठी फील्ड टार्गेटचीच पद्धत घ्या. पुढे पाच-सहा मिलिमीटर जाडीचा पत्रा, त्याला गोल भोक, भोकामागे एक जीभ. छर्रा भोकातून जिभेवर लागला की अख्खा पत्रा मागे पडतो. कडेला लागला तर उभाच राहतो. नेमबाजाला लगेच निकाल कळतो, कागद बघायला पुढे जावं लागत नाही. पुन्हा उभं करायला नायलॉनची दोरी थेट फायरिंग लाइनपर्यंत आणा. वागळे इस्टेटमधला कुठलाही फॅब्रिकेटर चित्र दाखवलं की हे बनवून देईल. त्याला दोन गोष्टी निक्षून सांगा: पत्रा वरून किंचित पुढे झुकलेला हवा, म्हणजे शिशाचे तुकडे खाली जमिनीकडे जातात, आणि भोकाची कड घासून गुळगुळीत हवी. पंधरा मीटरच्या आत पोलादाचं कुठलंही लक्ष्य लावायचं नाही. डोळ्यांना चष्मा सगळ्यांनाच, मागे खुर्चीत बसलेल्या आजोबांनाही.

आता खुद्द स्टेज. पाच लक्ष्यं: १७, २४, ३३, ४१ आणि ५० मीटर. भोकं अनुक्रमे १५, २५, ३०, ४० आणि ४० मिलिमीटर. अंतरं मुद्दाम विषम घेतली आहेत. २०, ३०, ४० अशी ठेवली की मुलं दोन दिवसांत आकडे पाठ करतात आणि अंदाज बांधणं थांबतं. महिन्यातून एकदा मधली तीन लक्ष्यं दोन-तीन मीटर पुढेमागे करा आणि नवीन अंतर सांगू नका. त्यांनी स्कोपच्या रेघांवर भोकाचा आकार मोजून अंतर काढावं: ४० मिलिमीटरचं भोक ०.८ मिल दिसलं तर अंतर ५० मीटर, १ मिल दिसलं तर ४०. एवढं गणित आठवीतलं मूल करू शकतं, आणि वेळेच्या दडपणाखाली करताना त्याची खरी परीक्षा होते.

क्रमात खरी गंमत आहे. जवळून लांब असा सरळ चढता क्रम देऊ नका, त्यात हात आपोआप वर सरकत जातो आणि डोकं चालत नाही. मी १७, ५०, २४, ४१, ३३ असा देते. पहिल्यावर बिनधास्त मध्यावर नेम, लगेच दुसऱ्यावर जवळजवळ दोन मिल वर आणि वाऱ्याचा हिशेब, पुन्हा तिसऱ्यावर शून्य. प्रत्येक छर्ऱ्याआधी नव्याने विचार करावा लागतो. पाच छर्रे बसून, पाच गुडघ्यावर. दोन्ही मिळून अडीच मिनिटं. स्कोपचे नॉब फिरवायला मनाई, सगळं रेघांवर धरून मारायचं. नॉबची सवय नंतर लावता येते. आधी छर्ऱ्याचा मार्ग डोळ्यांसमोर उभा राहिला पाहिजे.

गुडघ्यावरच्या स्थितीला मुलं कंटाळतात, कारण १० मीटरमध्ये ती नसते. त्यांना सांगा की ५० मीटर थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा प्रकार, याचा पॅरिस ऑलिंपिकमधला फायनल गुडघ्यावरूनच सुरू झाला होता. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला याच प्रकारात कांस्यपदक मिळवलं, आणि या प्रकारातलं ते भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. परसातली ही पाच छर्ऱ्यांची गुडघी त्याच वाटेवरची आहे, म्हणून ती गाळायची नाही.

वाऱ्याची जागा आखणीत मुद्दाम तयार करता येते. तुमच्या बांधावर पश्चिमेच्या बाजूला करवंदीचं कुंपण असेल तर ते तोडू नका. फायरिंग लाइनपासून १५-२० मीटरवर त्यात तीन-चार मीटरची मोकळी फट ठेवा. नेमबाज कुंपणाच्या आडोशाला बसलेला असतो, गालाला वारा लागत नाही, पन्नासच्या लक्ष्यापाशी मातीच्या बांधामुळे हवा शांत असते, आणि मधल्या फटीतून मात्र वारा सरळ आत घुसतो. वारा दाखवायला लक्ष्याजवळ बांधलेली फीत पाहून नेम धरणारा इथे हमखास उजवीकडे मारतो. नळीच्या जवळचा वारा छर्ऱ्याची दिशा लवकर बदलतो आणि मग उरलेला सगळा प्रवास तो त्याच बदललेल्या दिशेने करतो, म्हणून अलीकडचा वारा पलीकडच्यापेक्षा जास्त मोजायचा. हे तोंडाने शंभरदा सांगून कळत नाही, फटीसमोर दहा छर्रे मारले की कळतं. काठ्यांना सुती कापडाच्या बोटभर रुंद फिती बांधा, १२, २० आणि ३५ मीटरवर. नायलॉनची फीत हलक्या वाऱ्यात काठीला चिकटून राहते. आणि फटीच्या पलीकडे गवत असेल तर मुलांना फितीऐवजी गवतावर वारा ओळखायला लावा, कारण स्पर्धेत फिती त्यांना हव्या तिथे नसतील.

रायफलबद्दल थोडक्यात. स्प्रिंगची रायफल असेल तर ती गच्च आवळून धरू नका. पुढचा हात नुसता तळव्यावर आधार द्यायला हवा, कारण तिचा झटका आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी असतो. याच झटक्याने साधा स्कोप खिळखिळा होतो, म्हणून एअरगनसाठी बनवलेलाच घ्या, आणि त्याचा पॅरालॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेम हलल्यासारखा दिसण्याचा दोष घालवणारी जुळणी, १० मीटरपर्यंत खाली येते का ते पाहा. पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल, असेल तर शिकणं सोपं जातं, पण सिलिंडर भरण्याचा खर्च आणि व्याप आधी समजून घ्या. छर्ऱ्यांच्या दोन-तीन प्रकारांचे डबे आणून पन्नासवर गट मारून बघा. जो प्रकार पाच छर्रे ३० मिलिमीटरच्या आत टाकतो तोच ठेवा. रायफलच जर ४० मिलिमीटरच्या भोकाएवढा पसारा करत असेल तर मुलाला आपली चूक कुठली आणि तिची कुठली हे कळणारच नाही.

शिस्तीचे नियम लांबलचक नकोत. एक मोठी व्यक्ती फक्त रेंजवर लक्ष ठेवायला, ती स्वतः मारणार नाही. लाल झेंडा वर असेपर्यंत फायरिंग लाइनच्या पुढे कुणी जाणार नाही. झेंडा खाली येण्याआधी सगळ्या रायफली उघड्या आणि जमिनीवर. गुराखी, लाकडं आणायला निघालेल्या बाया, कुत्री, काहीही दिसलं तरी कुणीही ‘थांबा’ ओरडू शकतं, अगदी सात वर्षांचं मूलसुद्धा, आणि त्या हाकेवर वाद घालायचा नाही. सुरू करण्याआधी सरपंचांना, पोलीस पाटलांना आणि शेजारच्या खातेदारांना भेटा, रायफल आणि बिल दाखवा, कुठल्या दिवशी किती वाजता मारणार ते सांगा. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या. परवान्यातून सूट आहे म्हणून शेजाऱ्याला भीती वाटायची थांबत नाही, आणि त्याची भीती रास्तच आहे.

शिसं विसरू नका. प्रत्येक लक्ष्यामागे वाळूचा पत्र्याचा ट्रे ठेवा, महिन्याला वाळू चाळून छर्रे वेगळे करा आणि डब्यात साठवा. ते भातखाचरात किंवा विहिरीकडे वाहून जाता कामा नयेत. मारून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही.

जून ते सप्टेंबर स्टेज बंद. बांधाच्या माथ्यावर आणि मागच्या उतारावर मेच्या अखेरीस वाळा लावा, त्याची मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात. नेमबाजाकडची बाजू मात्र उघडी मातीचीच राहू द्या. ऑक्टोबरमध्ये उघडताना आधी लांब काठीने ट्रे, चौकटीचे कोपरे आणि रचलेल्या गोण्या हलवून बघा, फुरसं आणि घोणस अशाच जागी बसतात. मग बांधाची उंची टेपने मोजा. पावसाने माथा हमखास एक-दीड वीत खचतो, आणि तेवढ्याने खिडकीचा सगळा हिशेब बदलतो. माती चढवून तीन मीटर पुरे करा, पाइप घेऊन प्रत्येक कोपऱ्यातून पुन्हा पाहा, आणि मगच पहिला छर्रा भरा.